काळ्या पाच

अंतरा सुरू झाला आणि पोरीचा आवाज चिरकला. अमरावती जिल्ह्यातलं एक मोठंसं गाव, शाळेचं स्नेहसंमेलन, जानेवारीची दुपार. तूर सोंगायचे दिवस, त्यामुळे मंडपात बाया कमी, म्हातारी माणसं आणि पोट्टेच जास्त. स्वागतगीताला पेटीवर गावच्या भजनी मंडळातले आबाजी, तबल्यावर नववीतला एक मुलगा आणि माइकसमोर आठवीतली ही मुलगी, नव्या रिबिनी लावून ताठ उभी. ध्रुवपद तिनं छान म्हटलं. पंचमापर्यंत सगळं तिच्या हातात होतं. अंतऱ्यात चाल तार षड्जावरून, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा वरून, आणखी वर गंधाराकडे गेली तशा गळ्याच्या शिरा ताणल्या, हनुवटी उचलली गेली आणि आवाज फाटला. घाबरून तिनं पुढची ओळ एक सप्तक खाली घेतली. उतरताना सूर सुटला तो सुटलाच. आबाजींची पेटी चालूच होती. मान तिरकी करून त्यांनी एवढंच विचारलं, "काहून वं माय, थांबली काहून?" गाणं कसंबसं संपलं, टाळ्या पडल्या. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "आवाजच नाही हिले. दुसरी पोरगी घ्याले पाहिजे होती."

आवाज होता. पट्टी चुकली होती.

गाणं ज्या सुराला सा, म्हणजे षड्ज, मानून चालतं ती त्याची पट्टी, आणि पेटीवर ज्यावर बोट ठेवतात तीही पट्टीच. पेटी काळी एकमध्ये लागली होती, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरली होती. खेड्यातली पेटी बहुतेक वेळा तिथंच लागते आणि त्याला कारण आहे. भजनाला बसतात ती पुरुषमाणसं. त्यांच्या गळ्याला काळी एक, काळी दोन मानवते. शिवाय काळी एकला षड्ज धरला की सा, रे, म, प, ध हे पाचही शुद्ध स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, गंधार आणि निषाद तेवढे पांढऱ्यांवर. चाळीस वर्षं काकडा आणि हरिपाठ वाजवलेल्या बोटांना या उंचसखल वाटेची इतकी सवय होते की अंधारातही ती चुकत नाहीत. आबाजींची बोटं तिथं आपोआप पडली. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्याच काळी एकमध्ये गायचं तर ती पुरुषांच्या एक सप्तक वर गाते. ध्रुवपद निभतं, तार गंधार मात्र उघड्या आवाजात तिला पेलत नाही. आणि एक सप्तक खाली यावं तर तिथं गळ्यात काही उरत नाही. तिची जागा या दोन्हींच्या मधे होती, काळी पाचमध्ये. काळी एकवरून डावीकडे पांढरी एक, मग पांढरी सात, मग काळी पाच. तीन पट्ट्या. तेवढं अंतर कुणी सरकलं असतं तर ती पोरगी त्या दिवशी रडत घरी गेली नसती.

शाळेत गाणं शिकायला सुरुवात करायचं वय आपल्याकडे हेच, आठवी-नववी. सातवीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि रोजची प्रार्थना. आठवीत हायस्कूलला नाव घातलं, सायकल किंवा मुलींची निळी बस सुरू झाली की मोठ्या गावातल्या एखाद्या क्लासचा पत्ता लागतो. आणि नेमकं हेच वय गळ्यासाठी सगळ्यात अवघड. मुलांचा कंठ फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली घसरतो. घसरताना तो सरळ जिना उतरत नाही, पायऱ्या गाळत, अडखळत जातो. मुलींचाही आवाज बदलतो हे मात्र फार कमी जणांच्या ध्यानात येतं. तो दोन-तीन स्वर खाली येतो, काही महिने त्यात हवा मिसळलेली असते, सूर घट्ट लागत नाही. पाचवीत जी मुलगी पांढरी दोनमध्ये खणखणीत गायची, तिला आठवीत त्याच पट्टीत उभं केलं तर ती ओढाताण करणारच. मग तिलाही वाटतं, आपला आवाज गेला.

तबल्यावर बसलेला तो नववीतला मुलगा. दोन वर्षांमागं याच मंडपात तो गायचा, गावाला अजून आठवतं. आता विचारलं तर मान हलवतो. कंठ फुटला आणि गाणं सुटलं, तबला तेवढा हाती राहिला. गाणं सोडायची गरज नव्हती. त्या सहा-आठ महिन्यांत करायचं एवढंच, की तार सप्तकाच्या वाटेला जायचं नाही, मध्य सप्तकातल्या पाच-सहा स्वरांतच हळू आवाजात राहायचं, आवाज तुटला तर खाकरून जोर न लावता थांबायचं, आणि महिन्याला एकदा पट्टी नव्यानं शोधायची. या महिन्यात काळी चार असेल, तर दोन महिन्यांनी पांढरी तीन, वर्ष सरेतो काळी एक. त्या काळात पेटीवर बोटं बसवावीत, ताल हातात मुरवावा. आवाज परत येतो तेव्हा त्याला टेकायला हे सगळं तयार असतं.

पट्टी शोधायची रीत सोपी आहे आणि तिला दहा मिनिटं पुरतात. सकाळी उठल्या-उठल्या शोधू नये, तेव्हा गळा खाली बसलेला असतो आणि पट्टी फसवी निघते. तासभर बोलणं-चालणं झालं की बसावं. पेटीचा एकच सूर धरून "आ" म्हणावं आणि एकेक पट्टी खाली उतरत जावं. जिथवर आवाज स्वच्छ, ऐकू येईल असा आणि नुसती घरघर न होता निघतो, ती शेवटची पट्टी लक्षात ठेवावी. तिला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम मानायचं. तिथून वर पाच पट्ट्या मोजायच्या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. समजा खालची हद्द पांढरी चार निघाली, तर काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा आणि पाचवी काळी पाच. हा आपला षड्ज. आता वरची बाजू तपासायची. याच षड्जावरून तार गंधारापर्यंत जावं. मान वर न जाता, भुवया न चढता गंधार लागला तर पट्टी ठरली. नाही लागला तर एक पट्टी खाली. बायकांच्या गळ्याला बहुधा काळी चार किंवा काळी पाच मिळते, पण "बहुधा" हा शब्द इथं मोलाचा. एकाच बाकावरच्या दोन मुलींच्या पट्ट्या वेगळ्या निघू शकतात. वर्गात वीस मुलं एका पट्टीत गातात ती सोय म्हणून. घरी रियाज करायचा तो आपल्याच पट्टीत.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी वही काढून सात स्वर, दहा थाट लिहून देतात. हेही हवंच. पण पट्टी शोधल्याशिवाय ते लिहून देणं म्हणजे माप न घेता झंपर शिवायला टाकणं.

षड्ज म्हणजे काय हे मुलांना शब्दांत सांगून कळत नाही. पेटीवर मात्र ते पाच मिनिटांत दिसतं, आणि शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला एकदा तरी दाखवावं. पेटीच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. दोनाची जोडी, मग तिघांचा घोळका. पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. काळी तीनला सा म्हणून ओळीनं वर गेलं की वाजतो भूप राग, सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीत. आता त्याच पाच पट्ट्या ठेवून काळी एकला सा म्हणा. सा रे म प ध, गंधार-निषाद गेले आणि दुर्गा उभी राहिली. काळी दोनला सा केलं की कोमल गंधार, कोमल निषाद येऊन धानी. काळी चारवरून मेघाचे स्वर. आणि काळी पाचला सा म्हटलं की कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे थेट मालकंस. पट्ट्या त्याच, बोटं त्याच पट्ट्यांवर, फक्त कुणाला घर मानलं ते बदललं आणि हवा पालटली. नुसत्या स्वरांनी राग होत नाही हे खरं. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत, पण एकाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि दुसऱ्याचा धैवत, चाल वेगळी, वेळ वेगळी. तरी आठवीतल्या मुलानं ही गंमत एकदा स्वतःच्या बोटानं करून पाहिली की षड्ज हा शब्द त्याच्या वहीतून बाहेर येतो.

मग भूप. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी बहुतेक जण भूप आणि दुर्गापासून करतात, आणि पाच स्वरांचा, सगळे शुद्ध, म्हणून भूप सोपा समजतात. त्यात एक खोच आहे. भूपाचा जीव गंधारात, आणि पेटी जिथं सगळ्यात जास्त दगा देते तो स्वरही गंधारच. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं. त्या कापणीत पंचम जेमतेम २ सेंट उतरतो, कानाला कळत नाही. शुद्ध गंधार मात्र तंबोऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट चढा बसतो. १०० सेंटचा एक अर्धस्वर, त्यातले १४, म्हणजे चांगलेच. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१ पर्यंत बंद राहिलं, त्यामागं पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, काढता येत नाही या तक्रारीसोबत हेही एक दुखणं होतं. पेटीवर रागवायचं कारण नाही. खेड्यात गाणं टिकलं ते पेटीमुळं. पण पहिले दोन-तीन महिने गंधार पेटीवरून न शिकता तंबोऱ्यावरून शिकावा. तंबोरा नीट जुळला असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप उमटत राहतो. तो एकदा कानात बसला की पेटीचा गंधार किंचित टोचायला लागतो. ते टोचणं ही सूर कळू लागल्याची खूण.

तंबोरा आणायचा कुठून? आता फोनमध्ये आहे. पण फोन नुसता चटईवर ठेवला तर त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघतच नाही, नुसता वरचा चरचराट ऐकू येतो आणि मुलं त्या चरचराटाला सूर लावू पाहतात. एका कानात इयरफोन घालावा, दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवावा. तारा प, सा, सा, सा. दुर्गालाही हीच जुळणी चालेल, पण मालकंसात पंचमच नाही, तिथं पहिली तार मध्यमाला न्यावी लागते. आणखी एक अडचण हमखास येते. गावातली पेटी कुणी कधी जुळवली याचा पत्ता नसतो. ती फोनपेक्षा थोडी चढी किंवा उतरी निघते. दोन्ही एकदम लावले की वूऽवूऽवू अशी लाट ऐकू येते. मूल त्या लाटेच्या मधे कुठंतरी गातं आणि सगळ्यांनाच बेसूर वाटतं. अशा वेळी तंबोऱ्याचा सूर लाट थांबेपर्यंत बारीक-बारीक हलवून पेटीशी मिळवावा. तसं जमत नसेल तर दोन्हींतलं एकच लावावं.

पेटीची निगा हा शिक्षणाचाच भाग आहे, कारण इथं पेटीवाला कारागीर तालुक्यालाही मिळेलच असं नाही. आपल्याकडचा मे महिना लाकडाचा वैरी. पत्र्याखाली ठेवलेली पेटी ४५ अंशांच्या उन्हाळ्यात सुकते, फळ्यांच्या सांध्यांना फटी पडतात आणि हवा गळू लागते. ओळखायचं कसं? सगळे स्टॉप बंद करून भाता भरून हवा घ्यावी आणि हात सोडावा. चांगल्या पेटीत भाता जागेवर थांबतो. पाहता-पाहता खाली बसला तर गळती आहे. पावसाळ्यात उलट होतं, लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, सूर चालूच राहतो. ती पट्टी तासायला जाऊ नये, दोन दिवस कोरड्या खोलीत पेटी उघडी ठेवली की बहुधा सुटते. एखादा सूर मुका झाला किंवा घुरघुरायला लागला तर नव्वद टक्के वेळा त्या स्वराच्या जिभेखाली कचरा असतो. कापसाचा तंतू, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, एवढंसं पुरतं. वरची फळी काढावी, पातळ कडक कागद जिभेखाली अलगद सरकवून ओढून घ्यावा. जीभ पितळेची असते, नखानं उचलली तर वाकते आणि सूर कायमचा बिघडतो. आणि उंदीर. भात्याच्या चामड्याला आणि सरसाला ते सोडत नाहीत. पेटी जमिनीवर ठेवू नये, दोन डांबराच्या गोळ्या कापडात बांधून खोक्यात टाकाव्यात.

तालाच्या बाबतीत मात्र आपल्याकडची पोरं शहरातल्यांपेक्षा पुढं असतात. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजेरीवरची भजनं, ही तुकडोजी महाराजांची देणगी अजून गावागावात वाजते. महाराज यावलीचे, १९०९ चा जन्म, गुरुकुंज मोझरी इथून हाकेच्या अंतरावर. झाडीपट्टीकडं गेलं तर दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं, त्यांतली गाणी. या पोरांना केरव्याच्या आठ मात्रा शिकवाव्या लागत नाहीत, त्या मांडीवर आधीच वाजत असतात. नाव तेवढं सांगायचं. गोंधळ होतो तो त्रितालात आणि तोही एकाच जागी. छोट्या ख्यालाच्या पुष्कळ बंदिशी सोळा मात्रांतल्या नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून सुरू होतात. मूल तबल्याच्या पहिल्या "धा" सोबत तोंड उघडतं, कारण भजनात तसंच करायचं असतं, आणि सगळी बंदिश आठ मात्रा उलटी पडते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं यायची तिथं खाली येते. यावर उपाय म्हणजे आठवडाभर गायचंच नाही. हातावर ठेका म्हणायचा, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात पालथा हवेत. "धा तिं तिं ता" आलं की मनातल्या मनात मुखडा उचलायचा. हात हवेत गेला की गाणं निघालं पाहिजे, एवढं बसलं की मग आवाज.

रोज किती वेळ? दोन तास बसणाऱ्या रविवारपेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. पाच मिनिटं नुसता षड्ज, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा, शेवटी थरथर सुरू व्हायच्या आत सोडून द्यायचा. दहा मिनिटं एकच अलंकार, सारेग रेगम गमप, आधी स्वरांत, मग आकारात, सेकंदाला एक स्वर. ही गती ऐकायला कंटाळवाणी आहे, पण घाई केली की मधले स्वर घसरतात आणि घसरलेलेच पाठ होतात. उरलेली पाच मिनिटं बंदिश. कापूस वेचून आलेल्या दिवशी गळा धुळीनं बसलेला असतो. त्या दिवशी गायचं नाही, माठातलं पाणी प्यायचं आणि ताल करायचा. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून पुष्कळ पालक पोरांना क्लासला घालतात. यात वाईट काही नाही. गुणांच्या निमित्तानं का होईना, पोरगी पेटीजवळ बसते. पण परीक्षेच्या घाईत चार महिन्यांत सात राग पाठ करवून घेतात आणि वर्षानं विचारलं तर तिला स्वतःची पट्टी सांगता येत नाही, तेव्हा फार वाईट वाटतं.

स्नेहसंमेलन संपल्यावर सतरंज्या गोळा होत होत्या. पेटी अजून स्टेजवरच होती. ती मुलगी बाजूला खांबाला टेकून उभी, डोळे पुसलेले, रिबीन सुटलेली. तबल्याला खोळ घालता-घालता तो नववीतला मुलगा, नव्या भरड आवाजात, आबाजींकडं न पाहता म्हणाला, "आबाजी, पेटी खाली घ्या न थोडी. वर जाते तिले." आबाजींनी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. भाता ओढला. काळी एक, पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच. "इथून म्हन बरं, पोरी."

ती तिथूनच म्हणायला लागली, खांब न सोडता. ध्रुवपद पहिल्यापेक्षा गडद आलं. काळी पाचमध्ये सा आणि मध्यम तेवढे काळ्यांवर, बाकी सगळे पांढऱ्यांवर. आबाजींची बोटं सवयीनं काळ्या शोधत उठायची आणि चुकीच्या जागी पडायची. दुसऱ्या ओळीत बोटं अडकली, तिसरीत पुन्हा. अंतरा आला. तार षड्ज, रिषभ, गंधार. गंधारावर ती थांबली, मान सरळ, हनुवटी जागेवर. आबाजींना तो गंधार सापडला नाही. त्यांनी नुसता षड्ज धरून ठेवला, आणि ती पुढं गेली.